ओढा, रान आणि एक उसना शब्द

शास्त्राला नवी कल्पना सुचली की तिच्यासाठी शब्द हवा असतो, आणि असा शब्द बहुधा बाजारातून किंवा कचेरीतून उसना आणावा लागतो. उसना आणलेला शब्द एकटा येत नाही. त्याच्या मागोमाग त्याच्या घरच्या चालीरीतीही येतात. नदी आणि तिच्या काठचे रान ह्यांच्या परस्परसंबंधाविषयी गेल्या तीस वर्षांत जे इंग्रजी वाङ्मय निर्माण झाले आहे ते वाचताना हा विचार आमच्या मनात वारंवार आला. ह्या वाङ्मयाच्या मध्यभागी ‘सबसिडी’ हा शब्द ठाण मांडून बसला आहे. पाण्यातून रानाकडे जे जाते ती पाण्याची रानाला सबसिडी, आणि रानातून पाण्यात जे पडते ती रानाची पाण्याला सबसिडी. मराठीत ह्या विषयावर लिहू पाहणाऱ्याच्या लेखणीवर ‘अनुदान’ हे भाषांतर आपोआप येते. हवा आणि पाणी तापत चालल्यामुळे ह्या संबंधाचे काय होत आहे हा आजचा खरा प्रश्न आहे, आणि आमची तक्रार अशी आहे की त्या प्रश्नाच्या वाटेत हा शब्दच आडवा येतो. ह्या तक्रारीचा खुलासा करण्यासाठी एक पुस्तक आणि त्याच्या आगेमागे प्रसिद्ध झालेले काही शास्त्रीय लेख आम्ही येथे परीक्षणास घेतले आहेत.

आधी थोडा पूर्वेतिहास सांगणे अवश्य आहे. १८८७ साली स्टीफन फोर्ब्स ह्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने तलावावर एक निबंध वाचला. तलाव म्हणजे स्वतःपुरते एक लहानसे जग, अशी कल्पना त्यात त्याने मांडली. निबंध सुंदर आहे. एका माशाचे पोट भरण्यासाठी पाण्यातील किती जीवांची साखळी राबते हे त्यात फार कुशलतेने दाखविले आहे. परंतु त्या सौंदर्याची किंमत पुढील पिढ्यांस द्यावी लागली. पाण्याचा अभ्यास करणारे काठाशी येऊन थांबू लागले, आणि रानाचा अभ्यास करणारे दुसऱ्या बाजूने येऊन त्याच काठाशी थांबले. पुढे १९७५ साली हाइन्स ह्यांनी ‘ओढा आणि त्याचे खोरे’ अशा अर्थाच्या मथळ्याचा निबंध प्रसिद्ध करून ही भिंत बरीच पाडली. ओढ्यातले क्षार, त्यात कुजणारा पाचोळा, त्याच्या तळाची माती हे सारे खोऱ्याचे देणे आहे, हे त्यांनी पटवून दिले. मात्र त्यांच्या मांडणीत देणारा एक व घेणारा एक आहे. खोरे देते आणि ओढा घेतो. उलट दिशेने ओढ्याकडूनही रानास काही पोचते, ही गोष्ट केंद्रस्थानी यावयास आणखी वीस वर्षे लागली. १९९७ साली गॅरी पोलिस आणि त्यांचे दोन सहकारी ह्यांनी एका परिसंस्थेतून दुसरीत जाणाऱ्या अन्नाचा एकत्र विचार मांडला, आणि सबसिडी हा शब्द त्यानंतर रूढ झाला. पोलिस ह्यांचा अनुभव मेक्सिकोजवळच्या ओसाड बेटांचा होता. तेथे जमीन जवळजवळ काहीच पिकवीत नाही आणि समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेल्या शेवाळावर व मृत जीवांवर बेटावरचे कोळी पोसले जातात. अशा ठिकाणी एक श्रीमंत आणि एक दरिद्री असे चित्र उभे राहावे आणि सरकारी मदतीचा शब्द सुचावा, हे साहजिक होते. अडचण येते ती हाच शब्द ओढ्याला आणि रानाला लावताना, कारण तेथे दोघेही कधी श्रीमंत असतात व कधी दरिद्री असतात.

आता पुस्तकाकडे वळू. कर्ट फॉश ह्यांचे ‘फॉर द लव्ह ऑफ रिव्हर्स’ हे पुस्तक २०१५ साली ऑरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्रेसने प्रसिद्ध केले. फॉश हे कोलोरॅडोत अनेक वर्षे ओढ्यांचा आणि माशांचा अभ्यास करणारे अध्यापक आहेत. पुस्तक आत्मवृत्त आणि शास्त्रनिरूपण ह्यांच्या मधल्या जातीचे आहे, आणि अशा पुस्तकांत लेखक स्वतःच नायक होऊन बसण्याचा जो दोष हटकून आढळतो तो येथे नाही. ह्या पुस्तकाचा नायक शिगेरू नाकानो हा जपानी संशोधक आहे. फॉश त्याचे मित्र, सहकारी आणि अखेरीस चरित्रकार. नाकानो तोंडावर काच आणि नळी लावून थंडगार ओढ्यात तासन् तास पालथा पडून राही आणि एकेका माशास ओळखून त्याचे वागणे टिपून ठेवी. माशांचे अभ्यासक म्हणविणारे पुष्कळजण मासे जाळ्यात धरून मोजतात. माशांच्या शेजारी राहून त्यांस पाहणारे थोडेच. पुस्तकातील सर्वांत जिवंत पाने ह्या पाण्यातील पाहण्याची आहेत.

नाकानोचा जो प्रयोग प्रसिद्ध आहे तो होक्काइडो बेटावर, तोमाकोमाई येथील होक्काइडो विद्यापीठाच्या प्रायोगिक जंगलात, होरोनाई नावाच्या ओढ्यावर झाला. वाचकांस तो थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. भाजीच्या मळ्यावर घालतात तसे बारीक जाळीचे कमानदार छप्पर त्याने ओढ्याच्या काही भागांवर घातले. खालून पाणी पूर्ववत् वाहत राहिले. फक्त झाडांवरून पाण्यात पडणारे किडे, अळ्या व मुंग्या ह्यांची वाट बंद झाली. तेव्हा ओढ्यातील मासे, ज्यांचे उन्हाळ्यातील मुख्य अन्न हे वरून पडणारे किडे होते, ते तळाशी वळले आणि दगडांवर राहणारे पाण्यातले किडे खाऊ लागले. हे तळचे किडे दगडावरचे शेवाळ चरून खाणारे होते. ते कमी होताच शेवाळ वाढले. म्हणजे झाडावरची अळी पाण्यात पडली नाही, म्हणून पाण्यातील दगड हिरवा झाला! ह्या कथेतील माशाचे नाव डॉली व्हार्डन असे आहे, आणि वाङ्मयप्रेमी वाचकांस हे सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही की ते नाव डिकन्सच्या ‘बार्नबी रज’ ह्या १८४१ च्या कादंबरीतील एका नटव्या तरुणीवरून पडलेले आहे. तिच्या नावाच्या ठिपकेदार कापडाची टूम निघाली आणि त्या कापडावरून अंगावर ठिपके असलेल्या माशास ते नाव मिळाले. असो.

दुसऱ्या दिशेचा हिशेबही नाकानो आणि त्याचा सहकारी मुराकामी ह्यांनी मांडला. पुष्कळसे कीटक आपले बालपण पाण्यात काढतात आणि पंख फुटले की वर येऊन रानात शिरतात. आपल्याकडील चतुर आणि डास ही त्याची सर्वांच्या ओळखीची उदाहरणे. ओढ्यातून असे उठणारे कीटक काठच्या रानातले पक्षी खातात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाप्रमाणे वर्षभरात माशांस जे पोषण मिळते त्यांपैकी ४४ टक्के रानातून येते, आणि पक्ष्यांस जे मिळते त्यांपैकी २५.६ टक्के ओढ्यातून येते. हे दोन आकडे आता ह्या विषयावरील बहुतेक प्रत्येक लेखात उद्धृत होतात. आमच्या मते त्या लेखाचे मर्म ह्या आकड्यांत नसून महिन्यांच्या क्रमात आहे. हिवाळ्यात आणि वसंताच्या आरंभी झाडे उघडी असतात, त्यामुळे ऊन थेट ओढ्यापर्यंत पोचते, शेवाळ वाढते, आणि पाण्यातले कीटक भराभर वाढून वर येतात. ह्या वेळी रानात पक्ष्यांस खावयास फारसे काही नसते. पुढे झाडांना पालवी फुटते, ओढ्यावर सावली पडते, पाण्यातील उत्पन्न उतरते. पण त्याच सुमारास पानांवर अळ्यांचा सुकाळ होतो आणि त्या पाण्यात पडू लागतात. ज्या महिन्यात एकाकडे नाही त्याच महिन्यात दुसऱ्याकडे आहे, हे त्या लेखातील खरे आश्चर्य आहे. वर्षाची बेरीज केली की नेमके हेच आश्चर्य पुसले जाते. उद्धृत करणाऱ्यांनी बेरीज तेवढी उचलली.

तो लेख प्रसिद्ध झाला तेव्हा नाकानो हयात नव्हता. २००० सालच्या मार्च महिन्यात कॅलिफोर्नियाच्या आखातात संशोधकांची एक नाव वादळात उलटली आणि पाचजण बुडाले. त्यांत नाकानो होता आणि गॅरी पोलिसही होते. ज्यांच्या लेखाने हा शब्द रुळला ते आणि ज्याने त्या शब्दाला आजवरचा सर्वांत भक्कम पुरावा दिला तो, हे दोघे एकाच नावेत गेले. फॉश ह्यांनी हा भाग संयमाने लिहिला आहे. मित्राच्या मृत्यूनंतर होक्काइडोला पुन्हा जाणे, त्याच्या ओढ्यात पुन्हा उतरणे, हे लिहिताना लेखणी घसरण्याचे पुष्कळ प्रसंग होते, पण ती घसरलेली नाही. उत्तरार्धात माणसाने नद्यांवर प्रेम का करावे ह्या प्रश्नाकडे ते वळतात, तेथे मात्र पुस्तक आम्हांस सैल वाटले. पाण्यात पालथा पडलेला माणूस ज्याने एकदा दाखविला, त्याने पुन्हा काठावर उभे राहून प्रेमाची मीमांसा करण्याचे कारण नव्हते. दोष सांगितला तरी हेही सांगितले पाहिजे की ह्या विषयात सामान्य वाचकास प्रवेश करून देणारे ह्याच्या तोडीचे दुसरे पुस्तक आमच्या पाहण्यात नाही.

आता हवामानाच्या तापण्याचा प्रश्न. पुस्तक २०१५ चे असल्यामुळे त्यानंतर जे समजले ते त्यात नसणे स्वाभाविक आहे, आणि महत्त्वाचे बरेचसे त्यानंतरच समजले आहे. त्यापूर्वीचा एक लेख २०१२ चा आहे. ग्रेग आणि त्यांचे सहकारी ह्यांनी उघड्यावर ठेवलेल्या पाण्याच्या टाक्यांत प्रयोग केला. काही टाक्यांतले पाणी तापविले, काहींत खते घातली, काहींत कीटक खाणारे मासे सोडले, काहींत सोडले नाहीत. तापलेल्या आणि खत घातलेल्या पाण्यातून कीटक अधिक निघाले, आणि मासे नव्हते तेथे ही वाढ सर्वांत ठळक होती. लेखाच्या मथळ्यात ह्याचा सारांश असा दिला आहे की ऊब, खत आणि शिकारी जीवांचा नाश ह्यांमुळे सबसिडी वाढते. लेखकांनी स्वतः कोठेही ह्यास चांगले म्हटलेले नाही. परंतु सबसिडी वाढली हे वाक्य कोणत्याही शेतकऱ्यास किंवा गिरणीमालकास वाचून दाखवा. तो हसतमुखाने मान डोलावील. शब्दाच्या घरच्या चालीरीती मागोमाग येतात असे आम्ही वर म्हटले, ते हेच. ज्या घटनेत खताने पाणी बिघडले आहे आणि मासे नाहीसे झाले आहेत, तीस लाभाचे नाव मिळाले.

ह्याच्या उलट साक्ष जर्मनीतून आली. हेसे प्रांतात श्लिट्झ गावाजवळ ब्राइटनबाख नावाचा एक लहानसा ओढा आहे. तेथे योआखिम इलीस ह्यांनी १९६९ साली ओढ्यावर घरासारखे आच्छादन बांधून पाण्यातून निघणारा प्रत्येक पंखवाला कीटक धरून मोजण्याची पद्धत सुरू केली. नाकानोच्या छपराने रानातले किडे बाहेर ठेवले होते. इलीसच्या छपराने ओढ्यातले किडे आत ठेवले. ही मोजणी २०१० पर्यंत, म्हणजे ४२ वर्षे चालली. इलीस १९८२ साली वारले. काम इतरांनी चालविले. एकाच ओढ्याच्या काठी बसून दोन पिढ्यांनी कीटक मोजावेत, ही चिकाटी आम्हांस कोणत्याही महाकाव्याच्या टीकाकाराच्या चिकाटीहून उणी वाटत नाही. बारानोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली ह्या सर्व नोंदींचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. ह्या काळात ओढ्याचे पाणी १.८८ अंश सेल्सिअसने तापले. कीटकांची एकूण संख्या ८१ टक्क्यांहून अधिक घटली. जातींची संख्या मात्र कमी न होता थोडी वाढली, आणि कीटक निघण्याचा भर सुमारे १३ दिवस अलीकडे आला.

टाकीत वाढ आणि ओढ्यात घट! अनुदानाच्या भाषेत बोलणाऱ्यास येथे कोणते तरी एक विधान खोटे वाटेल. वस्तुतः दोन्ही खरी आहेत. टाकीतला प्रयोग थोड्या काळाचा. उबेने कीटकांची वाढ लवकर झाली. ओढ्यातली नोंद चार तपांच्या जवळपासची. थंड झऱ्याच्या पाण्यास सरावलेल्या जीवांना ती ऊब पिढ्यान् पिढ्या सोसावी लागली. पण दोहोंत एक गोष्ट समान आहे आणि तीच आम्हांस निर्णायक वाटते. टाकीतही कीटक लवकर निघाले, ओढ्यातही लवकर निघाले. रक्कम वाढो की घटो, तारीख मात्र दोन्हीकडे अलीकडेच सरकली.

तारीख सरकल्याने काय बिघडते, हे अमेरिकेतील भिंगरीच्या जातीच्या पक्ष्यांवरील संशोधनात दिसते. पाण्यातून निघणाऱ्या कीटकांत ओमेगा-३ वर्गातील काही स्निग्ध द्रव्ये असतात. ती मुळात पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळात तयार होतात आणि कीटकांच्या अंगातून पक्ष्यांपर्यंत पोचतात; जमिनीवरच्या वनस्पतींत ती जवळपास नसतातच. ट्वायनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखविले की भिंगरीच्या पिलांस अन्न पुष्कळ मिळण्यापेक्षा ही द्रव्ये असलेले अन्न मिळणे अधिक उपयोगी पडते. मग २०२२ साली शिप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ वर्षांच्या नोंदी तपासल्या. पाण्यातल्या कीटकांत ही द्रव्ये जमिनीवरच्या कीटकांपेक्षा ४ ते ३४ पट अधिक आढळली, आणि त्या कीटकांचा भर उन्हाळ्यात आधी येऊन जातो. पक्षीही आता लवकर अंडी घालू लागले आहेत, पण दोघांची चाल सारखी नाही. त्यामुळे पिलांची चोच उघडण्याचा काळ आणि पाण्यातल्या कीटकांचा काळ हळूहळू एकमेकांपासून दूर जात आहेत. पिलांस जमिनीवरचे किडे मिळतात. वजनाच्या हिशेबात काहीच उणे दिसणार नाही.

ह्याचे कारण समजण्यास आपल्या वाचकांस कठीण जाऊ नये, कारण दोन पंचांगांचा संसार आपण रोजच करतो. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असते. ते तसेच सोडले तर दिवाळी फिरत फिरत पावसाळ्यात येईल. म्हणून अधिकमास घालून आपण मेळ बसवितो. ओढ्यातला कीटक पाण्याच्या उष्णतेचे पंचांग पाळतो. पाणी लवकर तापले की तो लवकर निघतो. दुरून येणारा पक्षी बराचसा दिवसाच्या लांबीचे पंचांग पाळतो, आणि दिवसाची लांबी हवामानाने बदलत नाही. झाडाची पालवी हवेची ऊब आणि गेल्या हिवाळ्याची थंडी असा दोहोंचा विचार करून फुटते. इतकी वर्षे ही पंचांगे जुळून होती, कारण ऋतूंचा क्रम फारसा हलत नव्हता. आता एक पुढे धावत आहे, दुसरे रेंगाळत आहे, आणि अधिकमास घालणारा कोणी ज्योतिषी रानात नाही.

काळाचा मेळ चुकणे म्हणजे नेहमी दोघांची ताटातूट होणे, असे मात्र नाही. अलास्काजवळच्या कोडिअॅक बेटावर ह्याच्या उलट प्रकार घडला, आणि आमच्या मते ह्या सर्व वाङ्मयातील तो सर्वांत विचार करायला लावणारा आहे. त्या बेटावरची तपकिरी अस्वले उन्हाळ्यात लहान ओढ्यांत चढून येणाऱ्या सॉकाय जातीच्या सॅमन माशांवर जगतात, आणि माशांचा हंगाम सरत आला की डोंगरउतारावरची लाल एल्डरबेरी पिकते, तिच्यावर ताव मारतात. आधी मासे, मग फळे, असा जेवणाचा क्रम. वसंत असाधारण उबदार गेला अशा वर्षी ही फळे काही आठवडे आधी पिकली आणि दोन्ही पाने एकाच वेळी वाढली गेली. विल्यम डीसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केल्याप्रमाणे अशा वेळी अस्वले ओढे सोडून फळांकडे गेली. फळ असूनही एल्डरबेरीत प्रथिने बऱ्यापैकी असतात, आणि नुसत्या माशांपेक्षा अशा आहारावर अस्वलाच्या अंगी चरबी चांगली धरते असे दिसते. ज्या ओढ्यांत एरवी चढून आलेल्या माशांपैकी पाव ते पाऊण हिस्सा अस्वलांच्या हातून मरतो, ते ओढे अस्वलांवाचून राहिले.

येथे तोटा कोणाचा झाला? अस्वलाचा नाही, ते मजेत आहे. माशाचाही नाही. तोटा झाला तो हिशेबात ज्यांचे नावच नव्हते त्यांचा. अस्वल मासा धरून काठावर ओढून नेते, त्यातला आवडीचा भाग खाते आणि उरलेला टाकून देते. त्या टाकलेल्या माशावर पक्षी, लहान जनावरे व माश्यांच्या अळ्या जगतात, आणि समुद्रातून आलेले नत्र काठच्या झाडांच्या मुळांपर्यंत पोचते. ओढ्याचा माल रानात वाहून नेणारा हमालच त्या वर्षी दुसऱ्या कामाला गेला. डीसी ह्यांनी स्वतःच आपल्या लेखात असे म्हटले आहे की एक खाणारा आणि एक खाद्य अशी जोडी घेऊन पाहण्याची सध्याची रीत अपुरी आहे. आम्ही त्यात इतकेच जोडतो की ही रीत अपुरी राहण्यास अनुदानाच्या शब्दाचा हातभार आहे. अनुदानाला दाता लागतो, घेणारा लागतो आणि रक्कम लागते. हमाल लागत नाही, हंगाम तर मुळीच लागत नाही. मार्च अखेरीस पैसे खात्यावर पडले म्हणजे झाले.

मग मराठीत कोणता शब्द घ्यावा? आमच्या एका स्नेह्यांनी ‘बलुते’ सुचविले. त्यात हंगाम आहे हे खरे. वर्षभर कामे होत आणि मोबदला सुगीला खळ्यावर मिळे. परंतु बलुत्यात गावगाड्याची उतरंड आहे, आणि खळ्याच्या कडेला ताटकळत उभे राहिलेल्यांचे दुःख आहे. ज्या शब्दाने माणसांनी माणसांस पिढ्यान् पिढ्या खाली ठेवले तो शब्द ओढ्याच्या आणि झाडाच्या गळ्यात आम्ही बांधू इच्छीत नाही. त्यापेक्षा ‘वानवळा’ आम्हांस बरा वाटतो. मळ्यात वांगी, शेंगा, हरभरा, जे काही नवे निघाले त्यातले थोडे शेजारी किंवा सोयऱ्याकडे धाडावयाचे; त्याच्याकडे दुसरे काही निघाले की त्याने आपल्याकडे धाडावयाचे. ज्याच्याकडे ज्या महिन्यात जे आहे ते, आणि ताजे असतानाच. होक्काइडोच्या ओढ्याचा आणि रानाचा व्यवहार ह्याहून फार निराळा नाही. चैत्रात पोचलेल्या वानवळ्याचे कौतुक होते. तोच माल सुकून आषाढात पोचला तर घरातली बाई तो जनावरांपुढे टाकते.

ह्या शब्दावरही आक्षेप येतील, ते आम्हीच सांगून टाकतो. वानवळा ही चवीपुरती भेट आहे आणि येथे ४४ टक्के पोटाचा प्रश्न आहे. वानवळ्यात धाडणाऱ्याची इच्छा असते. पानावरून घसरून पाण्यात पडलेल्या अळीची तशी काही इच्छा होती असे म्हणता येत नाही. दोन्ही आक्षेप रास्त आहेत. परंतु सबसिडीतही अळीची इच्छा नव्हतीच, आणि कोणताही उसना शब्द अंगावर पूर्ण बेतलेला मिळत नसतो. त्यांतल्या त्यात ज्याच्या पोटात महिना आहे तो घ्यावा, एवढेच आमचे म्हणणे. महिन्यांच्या चौकटीत निसर्ग वाचणे मराठी वाचकास नवे नाही. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आले ते महिन्यामहिन्यानेच रचलेले होते.

आणखी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. होक्काइडो, हेसे आणि अलास्का हे सर्व थंडीचे प्रदेश. तेथील घड्याळ उबेचे आहे. सह्याद्रीतले पुष्कळ ओढे वैशाखात कोरडे पडतात. आपल्याकडचे घड्याळ पावसाचे आहे. पहिल्या जोरदार पावसात ओढ्यानाल्यांतून भरलेल्या शेतांत अंडी घालण्यासाठी चढणारे मासे कोकणातील प्रत्येक खेडुताच्या परिचयाचे आहेत. रायगडाकडे त्यास वलगण म्हणतात, अन्यत्र चढणीचे मासे म्हणतात. वलगण हा एकच शब्द मासा, शेत, पाऊस आणि ती विशिष्ट रात्र ह्या सर्वांस एकत्र बांधतो. तेव्हा जपानातले टक्के आणि जर्मनीतले दिवस आपल्या ओढ्यांस जसेच्या तसे लावणे हा अडाणीपणा होईल. ब्राइटनबाखवर जशी मोजणी झाली तशी आंबोलीच्या किंवा भीमाशंकरच्या एखाद्या ओढ्यावर चाळीस वर्षे व्हावयास हवी. तोपर्यंत वलगणीची रात्र कोणत्या तारखेस आली एवढे जरी गावोगावच्या शाळामास्तरांनी वहीत टिपून ठेवले, तरी पुढच्या अभ्यासकास ते उपयोगी पडेल.

शास्त्रीय लेखांच्या भाषेविषयी थोडे. वर उल्लेखिलेल्या लेखांपैकी डीसींचा लेख सोडला तर बाकीचे सामान्य वाचकास फार रुक्ष वाटतील. कर्ता हरवलेली वाक्ये, संक्षेपांची गर्दी, आणि प्रत्येक निष्कर्षामागे ‘संभवते’ची शेपटी. संशोधकांस ह्याचा दोष देऊन उपयोग नाही, त्यांचा वाचकवर्ग निराळा आहे. म्हणूनच फॉश ह्यांच्या पुस्तकाचे मराठी भाषांतर व्हावे असे आम्हांस मनापासून वाटते, आणि भाषांतरकाराने २०१५ नंतरचे हे तीन-चार लेख एका पुरवणीत सोप्या भाषेत द्यावेत. उत्तरार्ध थोडा आटोपता घेतला तरी हरकत नाही; होक्काइडोची प्रकरणे मात्र एक ओळही न गाळता यावीत. माशांच्या नावांचे संस्कृतीकरण करण्याच्या भानगडीत त्याने पडू नये. डॉली व्हार्डनला डॉली व्हार्डनच राहू द्यावे, आणि तळटीपेत डिकन्सच्या त्या तरुणीचा पत्ता द्यावा.